बाप असील, आई गावठी

गावठी कोंबडीला चव आहे, तग आहे, पिल्लं काढायची अक्कल आहे, फक्त अंगावर मांस नाही. आमच्या राजापूर तालुक्यात कुठल्याही पडवीत बसा, हे ऐकायला मिळतंच. पाच महिने सांभाळलेला कोंबडा काट्यावर ठेवला की किलो-सव्वा किलो भरतो आणि साफ करून हातात येतो त्याच्या दोन तृतीयांश. तेवढ्या काळात ब्रॉयलरवाला दोन-तीन तुकड्या विकून मोकळा होतो, कारण तो पांढरा पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो.

यावर गावात सरसकट एक उपाय सांगितला जातो: वनराजाची नाहीतर गिरिराजाची पिल्लं आणा. दोन्ही जाती चांगल्या आहेत. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, गिरिराजा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. परसात फिरून जगतात, रंगीत असतात, वजन धरतात. पण हे दोन्ही तयार संकर आहेत. त्यांची कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसत नाही, आणि त्यांचीच अंडी उबवली तर पुढची पिल्लं एकसारखी निघत नाहीत. म्हणजे दरवर्षी पिल्लांसाठी उबवणी केंद्राकडे जायचं. मला ते नको होतं. माझ्या सासूबाईंनी पंचवीस-तीस वर्षं राखलेला गावठी कोंबड्यांचा कळप घरात होता. मुंगसाला, घारीला आणि कोकणच्या पावसाला पुरून उरलेला. या कोंबड्या आई म्हणून ठेवायच्या आणि बाप तेवढा बाहेरून आणायचा, असं मी ठरवलं.

कल्पना काही नवी नाही. ब्रॉयलरचा जन्मच असा झाला. 1948 साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ नावाची मोठी स्पर्धा भरली होती, भरपूर छातीचा आणि लवकर वाढणारा पक्षी कोण तयार करतो हे बघायला. ती कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांनी जिंकली, कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींच्या संकरावर. रुंद छातीचा कॉर्निश बाप आणि अंडी बऱ्यापैकी देणारी आई, हे सूत्र आजच्या ब्रॉयलरमध्येही आहे. आणि त्या कॉर्निशच्या घडणीत आपल्याकडून इंग्लंडला गेलेल्या असीलचं रक्त आहे! हे वाचलं तेव्हा माझं मन असीलकडे वळलं.

असील हा आपल्या देशातला सगळ्यात भारदस्त कोंबडा. ताठ उभा राहतो, मान लांब, पाय जाड, छाती रुंद, पिसं अंगाला चिकटलेली. पूर्ण वाढलेला नर चार किलोच्या आसपास जातो. झुंजीसाठी त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं, म्हणून त्याच्या अंगावर मांस आहे आणि स्वभावात भांडण. झुंजी लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, तरी कोंबडा मिळतो तो बहुधा त्याच नादातल्या माणसांकडून. मी घाटावरच्या एका शेतकऱ्याकडून आणला, त्याच्याकडे मादीही होती आणि आई-बाप दोन्ही डोळ्यांनी बघता आले. तुलनेसाठी ऱ्होड आयलंड रेडचा एक तांबडा कोंबडाही घेतला. हा अमेरिकेतला, अंडी आणि मांस दोन्हींसाठी तयार केलेला, स्वभावानं गरीब.

आता कोंबड्या निवडायच्या. इथे आईंचा (सासूबाईंना मी आईच म्हणते) शब्द शेवटचा. मी काटा घेऊन बसले होते. त्या म्हणाल्या, “वजन कर हवं तर, पण आधी बघ कोणती किती पिल्लं मोठी करते ते.” दहा पिल्लं काढून आठ घरी आणणारी कोंबडी आणि दहा काढून तीन आणणारी कोंबडी काट्यावर सारखीच भरते. आम्ही दोन्ही बघितलं. पिल्लं सांभाळणाऱ्या कोंबड्यांतल्या ज्यांची छाती हाताला भरीव लागते, पाय सरळ आहेत आणि अंडं मोठं आहे, त्या बाजूला काढल्या.

अंड्याच्या आकाराकडे लक्ष द्यायला कारण आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश असतं. आमच्या कोंबडीचं अंडं चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं. बाप चार किलोचा असो की दीड किलोचा, पिल्लू तीस ग्रॅमच्या आसपासच निघणार. बापाचं रक्त पहिल्या दिवशी दिसत नाही. संकर करणाऱ्या बायका पहिल्या आठवड्यात हिरमुसतात ते यामुळेच. महिना-दीड महिना जावा लागतो.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, आणि सगळा संकर त्याच्यावरच उभा आहे. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. आज असील आत सोडला म्हणून उद्याचं अंडं असीलचं होत नाही, ते आधीच्या गावठी कोंबड्याचंही असू शकतं. त्यामुळे निवडलेल्या कोंबड्या आधी जाळीच्या वाड्यात घेतल्या आणि तीन आठवडे त्यांच्यात एकही नर ठेवला नाही. त्या काळातली अंडी घरात खाल्ली. मग एका वाड्यात असील सोडला, दुसऱ्यात तांबडा. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या. वरूनही जाळी लागते, कारण आमच्या वाडीतला प्रत्येक कोंबडा कौलावर चढतो आणि तिथून कुठेही उतरतो.

असील जड आणि गावठी कोंबडी हलकी, म्हणून तिची पाठ सोलवटते. कोंबड्याच्या टाचेवरचे काटे बोथट करून घेतले आणि ज्या दोन-तीन कोंबड्यांवर तो सारखा चढायचा त्यांच्या पाठीला जाड कापडाची झूल शिवली. पंखांतून दोन पट्ट्या काढल्या की ती नीट बसते. वाडीतल्या बायका ती बघायला मुद्दाम येत.

अंडी रोज गोळा करायची, टोकाची बाजू खाली करून ठेवायची, धुवायची नाहीत आणि आठवड्याच्या आत उबवायला घालायची. आमच्याकडे मार्च-एप्रिलच्या उकाड्यात अंडं घरात ठेवलं तरी आतून बिघडायला लागतं. आई मडक्यात ओली वाळू घालून वर फडक्यावर अंडी ठेवतात, ते मला थर्मामीटर लावून बघितल्यावरही पटलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं त्या कोंबडीची खूण आणि तारीख.

निम्मी अंडी खुडूक कोंबड्यांखाली रवणीला (उबवायला) घातली, निम्मी लहान यंत्रात. यंत्राला 37.5 अंश सेल्सिअस तापमान, पहिले अठरा दिवस अंडी फिरवणं आणि शेवटच्या तीन दिवसांत जास्त दमटपणा लागतो. कोंबडीला यातलं काही सांगावं लागत नाही. वीज गेली की माझा जीव यंत्रात अडकायचा, म्हणून दुसऱ्या खेपेपासून जास्त भर कोंबड्यांवरच ठेवला. एका गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी आरामात मावतात. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरायची. आतला ठिपका आणि कोळ्याच्या पायांसारख्या चहूकडे पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या की अंडं फळलं. स्वच्छ दिसलं तर काढून टाकायचं.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली आणि मला ज्याची उत्सुकता होती ते बघायला मिळालं.

गावठी कोंबडीचा तुरा उभा, एकेरी, दातेरी असतो. असीलचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, त्यावर दाण्यांच्या तीन रांगा, मधली थोडी उंच. हा बसका तुरा एकेरी तुऱ्यावर मात करतो. असील शुद्ध असेल तर त्याच्या प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर तो उतरतो, आई एकेरी तुऱ्याची असली तरी. केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. मी पिल्लू तळहातावर घ्यायची आणि करंगळीच्या नखानं चोचीच्या वरची लव बाजूला करायची. एकेरी तुऱ्याच्या पिल्लाला तिथे एक बारीक, सरळ, पिवळट रेघ दिसते. असीलच्या पिल्लाला रेघेऐवजी रुंद, खडबडीत पट्टा असतो, नखाला तीन ओळी लागतात. आईंना हा बारीक फरक डोळ्यांनी दिसत नव्हता, पण त्यांनी बोटानं चाचपून एकेक पिल्लू बरोबर ओळखलं. असीलच्या वाड्यातली सगळी पिल्लं बसक्या तुऱ्याची निघाली. तीन आठवडे थांबल्याचं चीज झालं आणि कोंबडा शुद्ध असल्याची खात्रीही पटली. शेजारच्या वाडीत एकीनं न थांबता अंडी उबवली होती. तिच्याकडे निम्म्याहून जास्त पिल्लं उभ्या तुऱ्याची होती, आणि ती समजत होती की असीलचा गुण लागला नाही. खरं तर ती असीलची पिल्लंच नव्हती.

पिल्लांची पहिली पंधरवड्याची काळजी सगळीकडे सारखीच. तुसाचा थर, बल्बची ऊब, पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट आणि मग दर आठवड्याला पाच अंश कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला पळाली तर उकडतंय, एवढं बघितलं तरी पुरतं. मानमोडी रोगासाठी सातव्या दिवशी लासोटा लस डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. लसीच्या एका बाटलीत शंभर पक्ष्यांचा डोस असतो आणि मिसळल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी रवणी एकाच आठवड्यात बसवायच्या, असा ठराव आम्ही बायकांनी केला. संकरापेक्षा या ठरावानं जास्त पक्षी वाचवले असतील. संकरित रक्तामुळे रोग टळतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता वजन. दर रविवारी सकाळी, खाणं घालायच्या आधी, पायातल्या रंगीत कड्यांवरून एकेक पक्षी काट्यावर. सहाव्या आठवड्यापर्यंत तिन्ही प्रकारांत थोडाच फरक होता. बाराव्या आठवड्याला गावठी नर पाऊण किलोच्या जवळ, तांबड्याचे नर किलोच्या वर आणि असीलचे त्यांच्या थोडे मागे. असीलची पिल्लं आधी उंच होतात. नुसते पाय आणि मान. तेव्हा गिऱ्हाईक बघून नाक मुरडतं. चौथा महिना संपला की ती भरायला लागतात आणि मग थांबत नाहीत. सहाव्या महिन्यात असीलचे नर दोन किलोच्या पुढे गेले होते, तांबड्याचे त्यांच्या बरोबरीला आले होते, पण छातीवर हात ठेवला की असीलचा पक्षी वेगळा कळत होता.

संकराबद्दल एक गैरसमज इथे मोडला पाहिजे. दोन जाती एकत्र आल्या की पिल्लू दोघांच्याही वर जातं, असं लोक धरून चालतात. वजनाच्या बाबतीत पिल्लू साधारण आई-बापाच्या मधे पडतं, जरासं वर. संकराचा खरा जोर दिसतो तो जगण्यात: अंडी फळतात जास्त, पिल्लं मरतात कमी, तलंगी (तरुण कोंबडी) लवकर अंड्यावर येते. म्हणूनच दीड किलोच्या आईकडून चार किलोचा पक्षी मागू नये.

आणि वजन खाण्यातून येतं. आम्ही मुद्दाम काही पक्षी नुसते परसात सोडून बघितले. तिथे संकरित आणि गावठी यांत फारसा फरक पडला नाही. मोठ्या अंगाला किडे-मुंग्या आणि सांडलेला भात पुरत नाही. पहिले सहा आठवडे स्टार्टर खाद्य, नंतर संध्याकाळी मूठभर कणी, कोंडा, नाचणी आणि शेण भरलेली मडकी पालथी ठेवून धरलेली वाळवी, एवढं दिलं तेव्हा फरक दिसला. कोकणात सुक्या मासळीचा कुटा स्वस्त मिळतो आणि पक्षी त्यावर झपाट्यानं वाढतात, पण विकायच्या आधी तीन आठवडे तो बंद करावा लागतो. नाहीतर रश्शाला मासळीचा वास येतो, आणि एकदा तसा वास आलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

एका कोंबडीबद्दल वेगळं लिहायला हवं. आमच्या कळपात मानेवर पिसं नसलेली एक कोंबडी आहे. दिसायला ओबडधोबड, म्हणून कोणी ठेवत नाही. असीलपासून झालेल्या तिच्या पिल्लांतली साधारण निम्मी उघड्या मानेची निघाली, गळ्यापुढे पिसांचा एक झुबका असलेली. हा गुण एका बाजूनं आला तरी अंगावरची पिसं साधारण वीस टक्क्यांनी कमी होतात, दोन्ही बाजूंनी आला तर चाळीस टक्क्यांनी. त्यामुळे उष्णता अंगाबाहेर पडते आणि पिसं वाढवण्यात जाणारं खाणं मांसाकडे वळतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाकीची पिल्लं चोच वासून सावलीत पडलेली असायची तेव्हा ही चरत असायची, आणि वजनातही पुढे राहिली. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं अशाच उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून हितकारी नावाची जात काढली आहे, आणि असीलपासून निर्भीक. कोकणातल्या बायांनो, अशी कोंबडी रूपावरून कापू नका.

असीलच्या रक्ताचा त्रासही सांगते. तिसऱ्या महिन्यापासून नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. जागा मोठी हवी, लपायला झाप हवेत, आणि तरी दोघे-तिघे वेगळे ठेवावे लागतातच. तांबड्याच्या पिल्लांत हे नव्हतं, पण ती घारीला सापडायची. कोंबडी ओरडली की गावठी पिल्लू जागच्या जागी झुडपात दबतं. तांबड्याचं पिल्लू मान वर करून बघत राहतं. असीलच्या पिल्लांत गावठी सावधपणा बराच टिकला होता.

विक्री दोन हंगामांत होते: मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा, आणि आषाढातल्या अमावास्येला, गटारीला. त्यापुढे श्रावणात कोणी विचारत नाही. सहा महिन्यांचा पक्षी गटारीला हवा तर पिल्लं जानेवारीत निघायला हवीत, हे गणित आधी करून रवणी बसवायची. असीलचा पक्षी शिजायला वेळ घेतो, पण वड्यांबरोबर त्याचा रस्सा खाल्लेली मुंबईची माणसं पुढच्या वर्षासाठी आधी सांगून ठेवतात. तांबड्याचं मांस मऊ, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तेच आवडतं. देवाच्या राखणीला, म्हणजे देवाला द्यायला, मात्र संकरित कोंबडा आमच्या वाडीत कोणी घेतला नाही. त्यांना उभ्या तुऱ्याचा गावठीच हवा, आणि त्याला ते वजनापेक्षा जास्त पैसे देतात.

यामुळेच गावठी कळप शुद्ध ठेवण्यावर मी अडून बसते. पहिल्या पिढीचे संकरित नर-मादी आपापसात लावले तर पुढच्या पिढीत संकराचा जोर निम्म्यावर येतो आणि पिल्लं कशीही निघतात. आम्ही काही तलंगी त्यासाठी राखल्या होत्या. एकाच रवणीत एक नर दोन किलोचा, दुसरा किलोचा, तुरे काही बसके, काही उभे, आणि तलंगींतल्या काही खुडूक बसेनात. दोन-तीन वर्षं असं चाललं तर वाडीत ना असील उरेल ना गावठी. वनराजाचे नर मोकळे सोडल्यामुळे आजूबाजूच्या काही गावांत हे झालंही आहे. तिथे आता रवणीला बसणारी कोंबडी शोधावी लागते.

म्हणून आमच्याकडे संकरित पक्षी सगळे विक्रीला जातात, त्यांची अंडी खायला. दरवर्षी संकर नव्यानं, त्याच गावठी आयांपासून. गावठी कळपाचा स्वतःचा नर वेगळा, आणि तोही दर दोन वर्षांनी घाटापायथ्याच्या एका गावाशी बदलून घेतो, नाहीतर नात्यातच पैदास होऊन अंडी फळायची कमी होतात. यंदा तिकडून आलेला कोंबडा काळ्या पिसांचा आणि पिवळ्या पायांचा आहे. या पिवळ्या पायांचा गुण कोंबड्यांमध्ये राखी रानकोंबड्याकडून आला, असं उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. तो रानकोंबडा आमच्या सह्याद्रीत अजून आरवतो. कोणाला नर बदलून हवा असेल तर रवणी बसायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास सांगावं. बदल्यात पैसे नकोत, पिल्लं सांभाळणाऱ्या कोंबडीची एक तलंगी द्यावी.